टॅबमधल्या बाईंना आंबिलीचं आवतण

लिंबाळवाडी, ता. अहमदपूर
९ नोव्हेंबर २०२५

वन्सं सुकन्याबाई यांना,

तुमचा आवाज आमच्या शाळेत पोचला. कळवायला पाहिजे म्हणून कळवते. पत्र एवढ्याचसाठी आहे, बाकी गैरसमज नसावा.

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली तर ऑफिसात खोकी येऊन पडलेली. मुख्याध्यापक आनंदराज सरांनी स्वतः कात्री घेऊन पट्ट्या कापल्या. आत टॅब, आणि प्रत्येक टॅबमध्ये विज्ञानाचं ॲप. सर म्हणाले, "सिंधुताई, आठवीपासून सुरू करा." मी टॅब टेबलावर उभा केला, सूक्ष्मजीवांचा धडा उघडला, बटण दाबलं आणि तू बोलायला लागलीस. "नमस्कार बालमित्रांनो." माझ्या हातातला खडू पडून त्याचे तुकडे झाले. हल्ली खडू फार ठिसूळ येतात.

तू ॲपच्या कंपनीत आहेस हे मला माहीत होतं. नांदेडच्या ऑफिसात बसून मराठी धडे लिहितेस हेही माहीत होतं. पण ते तूच बोलतेस हे तुझ्या दादानं कधी सांगितलं नाही. जाब विचारला तर म्हणतो, "तू इचारलंस कधी? तिचं नाव काढलं की तवा आपटतीस." मी तवा आपटत नाही. आपला तवाच जड आहे.

नांदेडला बीएस्सी करताना होस्टेलात माझा अर्धा डबा तू खायचीस. मग दादासाठी मला पसंत करून तूच या घरात आणलंस. आणि आता दोन दिवाळ्या झाल्या, तूच बोलायची बंद झालीस. असा कारभार मी दुसऱ्या कुठल्या घरात बघितला नाही.

ओसरीवर त्या दिवाळीत काय बोलणं झालं ते मी उगाळत बसत नाही. तू म्हणालीस, चार-पाच वर्षांत ॲपच सगळं शिकवेल आणि तू खेड्यात खडू घासत बसशील. मी म्हणाले, लातूरच्या क्लासमध्ये पोरं हसली म्हणून तू पळालीस, आणि आता मशीनच्या मागं लपायला निघालीस. दोघींनी आपापलं मत मांडलं. माझं मत अजून तेच आहे. त्यानंतर तू मला फोनवर ब्लॉक केलंस. हरकत नाही. पोस्टमन निवृत्तीमामांना ब्लॉक करता येत नाही.

ॲपबद्दल विचारशील तर चित्रं चांगली आहेत. मी फळ्यावर काढलेला अमिबा पोरांना फाटलेल्या भाकरीसारखा दिसायचा. तुमचा अमिबा चालतो, खातो, फुटून दोन होतो. पोरांनी तो इतक्या वेळा फोडला की मधली सुट्टी झाली तरी कुणी उठेना. हे मान्य करायला मला काही जड गेलं नाही, थोडंसंच गेलं. पण 'बालमित्रांनो' हे काय आहे? आपल्या घराण्यात कुणी कुणाला बालमित्र म्हणाल्याचं मला आठवत नाही.

एक टॅब मी चार्ज करायला घरी आणला होता, शाळेत लाईट नव्हती म्हणून. तुझ्या आईनं धडा ऐकला. ऐकता ऐकता तिनं काचेवरून हात फिरवला, गालावरून फिरवतात तसा. त्यानं धडा पुढं सरकला आणि तू एकदम विषाणूंवर गेलीस. आई म्हणाली, "बघ की, हात लावला की पळती." मग मी तिला पुन्हा सुरुवातीपासून लावून दिला. मी शेजारी भाकऱ्या थापत होते, त्यामुळं माझ्याही कानावर पडला एवढंच.

कळावे.
सिंधु

---

१७ नोव्हेंबर

सुकन्याबाई,

उत्तर आलं नाही. मी अपेक्षा केलीच नव्हती. पण आता तक्रार आहे आणि ती शाळेच्या वतीनं आहे, तेव्हा नीट वाच.

आधी पोरांचं सांगते. त्यांच्यात वाद पेटला आहे की टॅबमधल्या बाई खऱ्या आहेत की कॉम्प्युटरच्या. सृष्टी म्हणून एक पोरगी आहे, वर्गाची पुढारी. ती म्हणाली, "बाई, खरं माणूस आसतं तर एकदा तरी खोकललं आसतं. ह्या कवाच खोकलत न्हाईत." मी म्हणाले, "अगं, ती माझी नणंद आहे. नांदेडला राहते." सगळा वर्ग हसला. मागून कुणीतरी म्हणालं, "बाई लई फेकायल्यात." एवढी वर्षं शिकवून ही माझी पत. आनंदराज सरांना साक्षीला बोलावलं तर ते म्हणाले, मी त्यांना कधी पाहिलेलं नाही, त्यामुळं सांगू शकत नाही. खरं बोलणारा माणूस अशा वेळी काही कामाचा नसतो.

आता तक्रार. आंबवण्याच्या धड्याखाली तू प्रश्न ठेवला आहेस: आंबवून केलेल्या एका पदार्थाचं नाव लिहा. पोरांनी एकमेकांना न विचारता लिहिलं, आंबिल. सगळ्यांच्या टॅबवर लाल फुली आली, आणि सगळ्या टॅबमधून तू एकामागून एक म्हणालीस, "अरेरे, पुन्हा प्रयत्न कर." आधी पोरं गोंधळली. मग त्यांना वाटलं आपलं शुद्धलेखन चुकलं. अंबील, आंबील, अंबिल, सगळं लिहून झालं. अरेरे, अरेरे, अरेरे. शेवटी सृष्टीनं वैतागून 'इडली' लिहिलं, तेव्हा घंटी वाजली आणि पडद्यावर फुगे उडाले. ती माझ्याकडं बघून म्हणाली, "बाई, मला तर इडली आवडतबी न्हाई."

इडली, डोसा, ढोकळा, पाव आणि जिलेबी तुझ्या यादीत आहे. आंबिल नाही. सुकन्या, तुला नाक पुसता येत नव्हतं तेव्हापासून येळवशीला, मार्गशीर्षातल्या अवसेला, आपल्या वावरात तू आंबिल प्यायलीस. ज्वारीचं पीठ ताकात कालवून रांजणात ठेवताना आई तुला झाकण धरायला बसवायची, आणि तू बोट बुडवून चाखायचीस. तुझ्या कंपनीच्या बंगळुरूच्या साहेबांना आंबिल ठाऊक नसेल. तुला नाही?

पोरांनी ठरवलं आहे की आंबिल आंबते हे ॲपला सिद्ध करून दाखवायचं. त्यात एक 'प्रयोग पाठवा' असं बटण आहे. त्याखाली 'तपासणी: सुकन्या' असं लिहिलेलं मी बघितलं. म्हणजे आता तुला बघावंच लागेल, तुझी नोकरीच ती आहे.

सिंधु

---

२८ नोव्हेंबर

सुकन्या,

तुझा शेरा मिळाला. आधी काय झालं ते मी सांगते, म्हणजे तुला आमच्या वर्गाबद्दल भलतं वाटायला नको.

तुझ्या धड्यातल्या चित्रात बाटलीत कालवलेला मैदा आणि यीस्ट असतं. बाटलीच्या तोंडाला फुगा लावलेला असतो आणि तो हळूहळू फुगतो. पोरांनी तसंच केलं. आईनं ताक दिलं, पीठ दिलं, आणि कशासाठी ते कळल्यावर वर आणखी दिलं. एका बाटलीत कच्ची आंबिल भरली. दुसरीतली उकळून गार केली, म्हणजे त्यातले जिवाणू मेलेले. दोन्हीला फुगे लावून खिडकीत ठेवल्या. दुसऱ्या दिवशी बघतो तर दोन्ही फुगे मान टाकून पडलेले. त्याच्या दुसऱ्या दिवशीही तेच. पोरांची तोंडं बघवेनात. ॲपच खरं आणि आपण खोटे असं वाटायला लागलं त्यांना. आणि मग एका सकाळी दोन्ही फुगे टुमटुमीत. वर्गात एवढा गलका झाला की सर छडी शोधत आले, जी त्यांच्याकडं नाहीच. आम्ही लगेच व्हिडिओ काढून पाठवून दिला. मी घाईत होते. आनंदात माणूस बघत नाही नीट.

तुझा शेरा आला: "उकळलेल्या बाटलीचा फुगा कच्च्या बाटलीच्या फुग्यापेक्षा मोठा कसा, याचा कृपया खुलासा करावा."

मी वर्गापुढं तो मोठ्यानं वाचला. मग सृष्टी उभी राहिली. "बाई, म्या फुकले. दोन्हीबी." मी विचारलं, दोन्ही कशाला? तर म्हणते, "एकच फुगवला आसता तर तुमाला डाऊट आला आसता." सुकन्या, मी रागावायला तोंड उघडलं आणि हसूच आलं. तोंड फळ्याकडं केलं, पण पाठ हलत होती म्हणे.

आम्ही जे झालं ते तसंच लिहून पाठवलं. सृष्टीनं स्वतःच्या बोटांनी टाइप केलं. वाटलं, आता तू आम्हाला बाद करणार. तर तुझं उत्तर आलं, आणि ते मी घरी आणून, भाकरी थापायची थांबवून वाचलं. "खरं सांगितल्याबद्दल शाबास. फुगा फुगायलाच पाहिजे असं नाही. काही जिवाणू वायू सोडतात, काही नुसता आंबटपणा करतात. माझ्या चित्रावरून तुमचा गैरसमज झाला, ते मी सुधारते. आता सांगा, ताक तर आधीच आंबट असतं. मग पीठ कालवून ठेवल्यावर आंबटपणा वाढतो की तेवढाच राहतो? वाढत असेल तर तो मोजाल कसा? विचार करा. घाई नाही."

यात 'बालमित्रांनो' कुठं नव्हतं. हे तू होस्टेलात मला गणित समजावायचीस तसं लिहिलं आहेस. मी अडायची तेव्हा तू उत्तर न सांगता हेच म्हणायचीस, घाई नाही, आणि तोवर माझा डबा संपवायचीस.

पोरं विचार करायला लागली आहेत. सृष्टी सगळ्यात जास्त. तिला अब्रू परत मिळवायची आहे.

सिंधु

---

८ डिसेंबर

सुकन्या,

आमचा शोध लागला. आधी सांगते, मी मदत केली नाही. फार मोहात पडले होते, पण नाही केली.

तुझ्या ॲपमध्ये ती आभासी प्रयोगशाळा आहे ना, जिथं नळीतून एकेक थेंब टाकला की चंचुपात्रातला रंग बदलतो, त्यात पोरं दिवसभर थेंब टाकत बसतात. गेल्या आठवड्यात एकदा सृष्टी टाकत होती. आम्लात अल्कलीचे थेंब, गुलाबीचा हिरवट रंग. एकाएकी तिनं टॅब खाली ठेवला. म्हणाली, "बाई, आपल्यापशी चुना हाय की. माज्या आज्जीच्या पानाच्या चंचीत." मी म्हणाले, मग? "आन् शाळेच्या फाटकापशी जास्वंद हाय. तिचा रस रंग दाखवतंय, तुम्हीच शिकवलतं. आंबिल जितकी आंबट, तितके चुन्याच्या पाण्याचे थेंब जास्त लागतील. रोज मोजू." मी तिला म्हणाले, बघ करून. आवाज साधा ठेवला. आतून मला वेड लागायचं बाकी होतं.

पानाचा चुना पाण्यात ढवळून वरची निवळी काढली. रोज सकाळी आंबिल गाळायची, जास्वंदीचा रस टाकायचा, गुलाबी व्हायची, मग हिरवट होईपर्यंत निवळीचे थेंब. गाळताना पीठ खाली उतरत होतं म्हणून त्यांनी तुला ॲपमधून विचारलं. तुझं उत्तर आलं, "जुन्या लुगड्याचं फडकं घ्या, दुहेरी. नव्या कापडातून नीट गळत नाही. आणि चुन्याचा हात डोळ्याला लावू नका." यावरून वर्गात पुन्हा जुंपली. एक पक्ष म्हणाला, बाई खऱ्या आहेत, कॉम्प्युटरला लुगडं काय ठाऊक. दुसरा पक्ष म्हणाला, "आजकाल कॉम्प्युटरला समदं ठाऊक आसतंय."

कच्च्या बाटलीला रोज जास्त थेंब लागायला लागले. उकळलेल्या बाटलीला पहिल्या दिवशी लागले तेवढेच. ॲपमध्ये आकडे भरले की रेघ निघते. एक रेघ जमिनीवर सपाट पडून राहिली. दुसरी चढत गेली. शेवटचा आकडा भरून ती वर गेली तेव्हा सृष्टी उभीच राहिली आणि रडायला लागली. मी विचारलं, काय झालं? म्हणाली, "काय न्हाई बाई. ह्यात मी फुकले न्हाई."

मी इतकी वर्षं शिकवते. फळ्यावर आलेख काढला की पोरं तो उतरवून घेतात आणि विसरतात. ही रेघ त्यांनी वाढवली, तुझ्या टॅबमध्ये, आमच्या चुन्यानं. मी तुझ्यावर अजून रागावलेली आहे, ते वेगळं. पण त्या क्षणी तू तिथं पाहिजे होतीस असं मला वाटलं, आणि वाटलं ते लिहिते.

प्रयोग पाठवला आहे. पोरं दर तासाला बघतात. मीही बघते, पण मी शिक्षक आहे म्हणून.

सिंधु

---

१५ डिसेंबर

प्रिय सुकन्या,

"प्रयोग मान्य. आंबिल हे उत्तर बरोबर. यादीतली चूक माझी आहे. एक शंका उरते. काचेच्या बाटलीतली आंबिल आणि मातीच्या रांजणातली आंबिल सारखीच आंबते का, हे प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही."

पोरांनी पहिली तीन वाक्यं ऐकली आणि वर्ग डोक्यावर घेतला. सरांनी शाळेला पेढे वाटले. शेवटचं वाक्य मी एकटीनं पुन्हा पुन्हा वाचलं. तुझ्या साहेबांना त्यात शंका दिसली असेल. मला तुझं येणं दिसलं. तू लहानपणापासून अशीच आहेस म्हणे. भूक लागली की तू आईला विचारायचीस, पाटीत भाकरी किती आहेत.

तेव्हा हे आवतण. शुक्रवारी एकोणीस तारखेला येळवस आहे. तुझे साहेब त्या दिवशी सुट्टी देतील का ठाऊक नाही. दादानं सांगितलं की गेल्या येळवशीला लातूर जिल्ह्यातल्या ज्या शाळांत ॲप होतं तिथला सगळा वापर शून्यावर आला, तेव्हा बंगळुरूला धावपळ उडाली, सर्व्हर बंद पडलं म्हणून. दादा फोनवर तुला म्हणाला होता ना, "सर्व्हर न्हाई बंद पडलं, अख्खा जिल्हा वावरात भज्जी खाऊन आडवा झाला हाय." तू किती हसलीस ते मला स्वयंपाकघरात ऐकू आलं. तू दादाला फोन करतेस तेव्हा मी भांडी जरा कमी वाजवते.

एक गोष्ट आधीच सांगते, नाहीतर तू मला फसवलं म्हणशील. या वर्षी आठवीचा वर्ग आपल्या वावरात जेवायला येणार आहे. त्यांना रांजणातली आंबिल तपासायची आहे. आणि तू आलीस तर ते तुला ओळखतील, कारण तुझा आवाज त्यांना माझ्यापेक्षा जास्त पाठ आहे.

तू काय म्हणशील ते मला ठाऊक आहे. लातूरचा तो हॉल मला तू एकदाच सांगितलास, पण मी विसरले नाही. शेकडो पोरं, तू पहिल्यांदाच व्यासपीठावर, मधेच माईक बंद पडला, तू वर आवाज काढायला गेलीस आणि तो फाटला. मागून शिट्ट्या आल्या. तू खडू ठेवून खाली उतरलीस आणि रिक्षा करून थेट स्टँडवर आलीस. त्यानंतर तू कुठल्याही वर्गापुढं उभी राहिली नाहीस. काचेच्या खोलीत बसून बोलतेस, जिथून पोरं दिसत नाहीत. मी तुला घाबरट म्हणाले आणि तू ऐकून घेतलं नाहीस, ठीक आहे. पण ज्या बाईनं सृष्टीला 'शाबास' आणि 'घाई नाही' लिहिलं, तिला पोरांची भीती वाटायचं कारण मला कळत नाही. तुला ती येतात, सुकन्या. तुला पोरं येतात.

आपल्या वावरात हॉल नाही, व्यासपीठ नाही, माईक नाही. ज्वारी कमरेच्या वर आली आहे. पूजेसाठी कडब्याची कोप दादानं आताच बांधून ठेवली. तुला बोलायचं नसेल तर बोलू नकोस. आईपाशी बसून भाज्यांची भज्जी खा आणि परत जा. मी कुणाला सांगणार नाही तू कोण ते.

पण ये. आईनं तुझ्यासाठी छोट्या बिंदगीत वेगळी आंबिल घातली आहे, लसूण कमी टाकून. मी म्हणाले, ती येणार कशावरून? तर म्हणते, "तिनं टॅबातून इचारलंय न्हवं, आंबिल कशी झाली म्हणून."

तुझी,
सिंधु

---

२७ डिसेंबर

सुके,

आता आपण फोनवर बोलतो तरी हे पत्रातच लिहिते, कारण फोनवर तू मधे बोलतेस. आणि येळवशीला तू तिथं होतीस खरी, पण तुझी पाठ ज्यांच्याकडं होती त्यांचं तुला काही दिसलं नाही. ते सांगायला पाहिजे.

तू आलीस तेव्हा ऊन चढलं होतं. फाट्यावरून दादाच्या गाडीवर, डोक्याला ओढणी गुंडाळून, चोरासारखी. मला बघून म्हणालीस, "कशी हायस?" मी म्हणाले, "बरी हाय. भज्जी गार व्हायली." दोन दिवाळ्यांचं भांडण तिथं मिटलं, आणि कुणाला कळलंसुद्धा नाही. मग तू कोपीच्या मागं आईपाशी जाऊन बसलीस. मी शब्द दिला होता म्हणून पोरांना काही सांगितलं नाही.

पोरं पलीकडं बांधावर टॅब मांडून बसली होती. रांजणातली आंबिल गाळून, जास्वंद टाकून, थेंब मोजून झाले. नेटवर्क नव्हतं, पण धडा त्यांनी उतरवून ठेवला होता. तुझा आवाज ज्वारीतून ऐकू येत होता, "आंबवण्याची क्रिया म्हणजे". सृष्टीनं धडा थांबवला आणि टॅबलाच विचारलं, ती नेहमी विचारते तशी, "पर बाई, आंबिल आजून आठ दिवस ठिवली तर जिवाणू आजून वाढतील का मरतील?" टॅब काय बोलणार. पोरंही त्यांच्या त्यांच्यात गुंतली.

आणि तू कोपीमागून म्हणालीस, "आधी वाढतील. मग त्यांनीच केलेला आंबटपणा त्यांना सोसणार नाही."

तुझ्या हातात बाजरीचा उंडा होता. तू तो खायला विसरलीस, खाली ठेवायलाही विसरलीस. तुला वाटलं असेल तू हळू बोललीस. सगळी पोरं एकदम वळली. सृष्टीनं आधी टॅब उलटा करून बघितला. मग तुझ्याकडं बघितलं. मग उठून चालत तुझ्यापाशी आली, आणि तुझ्या दंडाला बोट लावून बघितलं, भाजी शिजली का बघतात तसं. "बाई, तुम्ही खऱ्या हायत?"

तुझा चेहरा पांढरा पडला होता. मला वाटलं, आता ही उठून फाट्याकडं जाणार. मी गाडीची किल्ली दादाकडून मागूनही घेतली होती. पण सृष्टीनं पुढं विचारलं, "मग त्यांनीच केलेला आंबटपणा त्यांनाच कसा मारतंय? माणसं आसं करतेत का?" आणि तुला हसू आलं. तू म्हणालीस, "माणसं लई करतेत. बस, सांगते." तू बस म्हणालीस आणि स्वतः उभी राहिलीस.

आता जे तुला दिसलं नाही ते. तू बोलत होतीस तेव्हा तुझ्यामागं दादा उभा होता. तो बैल सोडायला निघाला होता, कासरा हातात तसाच राहिला आणि बैलही तसेच उभे राहिले. पोरांबरोबर आलेल्या आनंदराज सरांनी ताट खाली ठेवलं आणि तुझं लक्ष नसताना ते पोरांच्या मागं मांडी घालून बसले, शेवटच्या रांगेत. तुझी आई वाढपाची पळी घेऊन कोपीच्या दारात आली. तिला जिवाणूंमधलं काही कळत नाही. ती तुझ्या पायांकडं बघत होती, एकसारखी, तू लहानपणी पहिल्यांदा उभी राहिलीस तेव्हा बघितलं असेल तसं. मला म्हणाली, "उभी हाय की गं." मी म्हणाले, "हाव आई, उभी हाय." मी काय करत होते ते विचारू नकोस. कांदा चिरत होते असं धरून चाल.

तू किती वेळ बोललीस ते कुणी बघितलं नाही. चढ्या आवाजात बोलावं लागलं, कारण शेजारच्या वावरात स्पीकर लागला होता, आणि तुझा आवाज मधे फाटलासुद्धा, चांगला दोनदा. कुणी हसलं नाही. पोरांना ते कळलंच नाही. ती पुढं सरकून बसली, एवढंच झालं. तुलाही कळलं नसेल, तू चुन्याचं पाणी हातात घेऊन सृष्टीला विचारत होतीस, आता सांग, थांबायचं कुठं हे तुला कसं कळलं?

तेव्हा माझं मत मी बदललं आहे. तुला ओसरीवर जे म्हणाले होते ते आता खरं राहिलं नाही. हरल्याचा एवढा आनंद मला कधी झाला नव्हता.

ॲपमधला प्रश्न काल बदलला. आता त्याखाली तुझी यादी नाही, कोरी जागा आहे: तुमच्या घरी काय आंबवतात? सगळ्या शाळांची उत्तरं सगळ्यांना दिसतात. देगलूरकडच्या पोरांनी 'अंबली' लिहिलं, कंधारच्या एका पोरानं 'आजीचं लोणचं, पण ती कबूल करत नाही' असं लिहिलं. सृष्टी रोज सगळी वाचते आणि ज्याला पटत नाही त्याला 'सिद्ध करा' असं कळवते. तुझ्या साहेबांना सांग, तुमची एक तपासनीस इथं फुकट काम करते.

आणि शेवटचं. अहमदपूरच्या स्टँडवर नांदेडची गाडी लागली, तू चढलीस, खिडकीतून डबा घेतलास, आणि माझ्याकडं न बघता कंडक्टरकडं बघत विचारलंस, "उष्णतेचा धडा कधी घ्यायलीस?" मी म्हणाले, का? तू म्हणालीस, आसंच. गाडी निघाली.

मी तो धडा घेतलेला नाही. संक्रांतीनंतरचा पहिला सोमवार कोरा ठेवला आहे. सरांनी कारण विचारलं नाही, वेळापत्रकात त्या तासापुढं स्वतःच तुझं नाव लिहून टाकलं. पोरांना मी काहीच बोलले नव्हते, पण त्यांनी आताच भांडून ठरवलं आहे की तुझ्यासमोर पहिल्या बाकावर कोण बसणार.

तुझी,
सिंधु